दारासाठी एक अर्ज

अर्जावर आवक क्रमांकाचा शिक्का पडला की गिरिजा मयेकरला निम्मं काम झाल्यासारखं वाटायचं. फोर्टमधल्या एका औषध कंपनीत आवक-जावकच्या टेबलावर तिने एकवीस वर्षं काढली होती. कागद येतो, त्याला क्रमांक मिळतो, मग तो हरवत नाही. हरवलाच तर कुठे हरवला हे तरी सांगता येतं. माणसांचं तसं नसतं, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तर कागदावर तिचा जास्त भरवसा.

दोन हजार सहाच्या जुलैत ती भाईंदरला पालिकेच्या खिडकीशी उभी राहिली तेव्हा तिच्या हातातल्या अर्जाचा विषय असा होता : ‘सदनिका क्र. ३०३ व ३०४ यांमधील भिंतीत अडीच फूट रुंदीचे दार करण्यास परवानगी मिळणेबाबत.’

खिडकीतल्या माणसाने तो दोनदा वाचला.

“फक्त दार?”

“हो.”

“मधल्या भिंतीत?”

“हो. लिहिलंय ना.”

“लिहिलंय छान,” तो म्हणाला आणि शिक्का उचलला. “एवढं छान लिहून कोणी आणत नाही.”

गिरिजाने पोच घेतली, घडी घालून पर्समधल्या आतल्या कप्प्यात ठेवली, आणि हाटकेशला जाणाऱ्या बसमध्ये बसेपर्यंत दोनदा चेन उघडून बघितली.

भिंतीच्या पलीकडे वासंतीताई राहत होती. तीही त्याच कंपनीतली. टेलिफोन ऑपरेटर. तिचा आवाज असा होता, की बाहेरगावचे डॉक्टर काम नसतानाही फोन करायचे आणि ‘होल्ड करा हं’ एवढं ऐकून समाधानाने थांबायचे. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. गिरिजाचं लग्न झालंच नाही. दोघी डबा एकत्र खायच्या. कंपनीने मुंबईचं ऑफिस बंद केलं तेव्हा गिरिजा चव्वेचाळीस वर्षांची होती, वासंतीताई पन्नासची. हातात एकरकमी पैसे आले होते, त्यात मुंबईत काही मिळण्यासारखं नव्हतं. मग एका रविवारी दोघी मीरा रोडला आल्या. हाटकेशच्या बाजूला तेव्हा अर्ध्या इमारती उभ्या, अर्ध्या बांबूंत गुंडाळलेल्या. खाली दुकानांचे गाळे, वर चार मजले, आणि दोन जिने. एक ए, एक बी. तिसऱ्या मजल्यावर मधोमध एकेका खोलीचे दोन ब्लॉक शिल्लक होते. शेजारी शेजारी, पण एकाचं दार ए जिन्यावर उघडायचं, दुसऱ्याचं बी जिन्यावर.

“एवढंच गैरसोयीचं आहे,” बिल्डरचा माणूस म्हणाला होता.

वासंतीताईने बोटाच्या पेराने मधली भिंत वाजवून बघितली. “पोकळ वाजते गं. म्हणजे ऐकू येईल.”

आणि ऐकू यायचं. अकरा वर्षं यायचं. लाटण्याने दोनदा वाजवलं तर चहा ओतलाय. तीनदा वाजवलं तर ये. झोपण्यापूर्वी एकदा. बस एकदाच, त्याला काही अर्थ नव्हता, आणि तेच दोघी कधी चुकवत नव्हत्या. वासंतीताई कधीकधी वाजवून झाल्यावर भिंतीला तोंड लावून ओरडायची, “लाइन बिझी आहे का?” आणि पलीकडे गिरिजा एकटीच हसायची, हातातलं पीठ तसंच.

फक्त भेटायचं झालं तर तीन मजले उतरायचे, दुकानांवरून वळसा घालायचा आणि तीन मजले चढायचे. वाटीभर आमटी द्यायची तरी हेच. त्यावर त्यांनी तोड काढली होती. खिडक्यांच्या जाळ्या जवळजवळ होत्या. एकीने हात बाहेर काढून वाटी पुढे करायची, दुसरीने हात बाहेर काढून घ्यायची. एकमेकींचे चेहरे दिसायचे नाहीत, नुसते हात दिसायचे. एकदा कुळथाचं पिठलं खाली सेक्रेटरी गुणवंतभाईंच्या स्कूटरवर पडलं. ते मान वर करून म्हणाले, “बेन, खाना देना है तो घर पे बुलाओ ना.” पुढचे आठ दिवस जिन्यात भेटले की दोघी त्यांना बघून पदर तोंडाला लावत.

मग जूनच्या शेवटी वासंतीताई मोरीत पडली.

सकाळी गिरिजाने दोनदा वाजवलं. उत्तर आलं नाही. पुन्हा वाजवलं. मग भिंतीला कान लावला तर अगदी बारीक आवाज आला, लाटण्याचा नाही, तांब्या फरशीवर घासल्याचा. दुसरी किल्ली गिरिजाकडे असायची. ती घेऊन ती ए जिना उतरली, बी जिना चढली. गुडघ्यांनी मधल्या मजल्यावर तिला थांबवलं, थांबावंच लागलं. वर पोचली तर आतून कडी. गुणवंतभाई आणि खालच्या फर्निचरवाल्याने धक्का मारून कडी उचकटली तोवर पाऊण तास गेला होता. भिंत चार इंचांची आणि पाऊण तास.

मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. वासंतीताईच्या भावाचा मुलगा निकेत डोंबिवलीहून धावत आला, सगळं त्यानेच केलं. तो वाईट मुलगा नव्हता. हॉस्पिटलच्या पायरीवर तो गिरिजाला म्हणाला, “मावशी, आत्याला मी आता एकटी नाही ठेवणार. डोंबिवलीला नेतो.”

“ती येणार नाही.”

“येणार नाही म्हणते. पण तुम्ही सांगा, तुम्ही रोज किती वेळा जिने करणार? तुमचेच गुडघे कसे झालेत.”

निकेतने चप्पलच्या टोकाने पायरीवरची माती बाजूला केली. “मध्ये दार असतं तर गोष्ट वेगळी होती,” तो म्हणाला. सहज म्हणाला.

गिरिजाने ते वाक्य उचललं, जसं टेबलावरून एखादा कागद उचलावा. “दार केलं तर ठेवशील?”

निकेतने तिच्याकडे बघितलं. “केलं तर ठेवीन. दिवाळीपर्यंत बघतो, मावशी. त्यानंतर नाही.”

घरी आणल्यावर पहिले पंधरा दिवस गिरिजा वासंतीताईच्या खोलीत खाली गादी टाकून झोपली. सोळाव्या दिवशी वासंतीताईने तिला हाकललं. “मला रखवालदार नको, गिरिजे. दार हवंय. मला जेव्हा वाटेल तेव्हा मी तुला हाक मारीन, जेव्हा नको असेल तेव्हा दार लोटून घेईन. पलंगाखाली माणूस झोपलंय म्हटलं की मला कूस बदलायची भीती वाटते.”

उत्तम मिस्त्री येऊन भिंत बघून गेला. पोलादपूरकडचा माणूस, या भागातल्या अर्ध्या स्वयंपाकघरांचे ओटे त्याने बसवलेले. त्याने भिंतीवर हातोडीची मूठ वाजवली आणि हसला.

“मावशी, ही भिंत कसली, पापड आहे. चार इंची. वर तुळई पण नाही. मागाहून घातल्यासारखी वाटते. शनिवारी फोडतो, रविवारी चौकट, सोमवारी कोणाला कळतंय?”

“परवानगी?”

“कशाची?”

“भिंत फोडायची.”

“रंग मारायला पण परवानगी घेणार का मग?”

“रंगाला लागत नाही. मी विचारलंय.”

उत्तमने पलंगावर टेकून बसलेल्या वासंतीताईकडे बघितलं. ती म्हणाली, “माझ्याकडे काय बघतोस? ही बाई देवळात घंटा वाजवण्याआधीही अर्ज करेल.”

“ताई, पहिल्या मजल्यावरच्या दोन भावांनी अख्खी भिंत पाडली सहा वर्षांपूर्वी. मीच पाडली. कोणी विचारलं?”

“त्यांनी पाडली असेल,” गिरिजा म्हणाली. “मला विचारून पाडायची आहे.”

हा नुसता हट्ट नव्हता. रत्नागिरीला वडील गेले तेव्हा घराच्या कागदावर भावांची नावं चढली आणि तिचं राहिलं. मुद्दाम कोणी केलं नाही, कोणाच्या लक्षातच आलं नाही. ती गणपतीला जायची, माजघरात झोपायची, सगळे प्रेमाने वागायचे. मग एका वर्षी वहिनीने विचारलं, “या वेळी किती दिवस राहणार, वन्सं?” तेव्हा तिला कळलं की ज्या घरात आपण कागदावर नसतो तिथे आपण पाहुणे असतो, हवे तेवढे प्रेमाचे. हाटकेशची एक खोली हे तिचं जगातलं पहिलं घर, ज्याच्या कागदावर तिचं एकटीचं नाव होतं. त्या कागदाबाहेर तिला काहीच करायचं नव्हतं. दारसुद्धा नाही. विशेषतः ते दार.

बांधकाम विभागात तिला संपदा नावाची अभियंता भेटली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, नवी लागलेली, केसांत पेन्सिल खोचलेली. तिने गिरिजाला बसायला सांगितलं, हेच पुष्कळ होतं.

“काकू, साधं असतं बघा. रंग, फरशी, ओट्याचा दगड, गळका नळ, जुन्या चौकटीत नवं दार, यासाठी आम्हाला विचारायचं कारण नाही. भिंत फोडायची, नवी घालायची, गॅलरी खोलीत घ्यायची, मोरी-संडास हलवायचं, दोन घरांचं एक करायचं, म्हणजे मंजूर नकाशा बदलला. तिथे आम्ही येतो.”

“म्हणजे मी बरोबर आले.”

“अगदी बरोबर,” संपदा हसली. “फार कमी लोक बरोबर येतात.”

सोसायटीचं ना-हरकत पत्र, दोन्ही मालकांची संमती, भिंतीवर इमारतीचा भार नाही असं इंजिनियरचं पत्र. मूळ मंजूर नकाशा पालिकेच्या दफ्तरातून काढायचा, तो संपदा शोधून ठेवणार. गिरिजाने यादी लिहून घेतली, प्रत्येक ओळीपुढे चौकट काढली.

तिच्या आयुष्यातले सगळ्यात भरलेले दिवस कोणते, असं कोणी विचारलं असतं तर तिने ते दोन महिने सांगितले असते. सकाळी वासंतीताईचं अंघोळपाणी करायला एक जिना, दुपारी भाईंदर, संध्याकाळी पुन्हा जिना, चौकट भरल्याचं सांगायला. वासंतीताई वॉकर धरून चार पावलं टाकायला लागली होती. ती पावलं टाकत भिंतीपर्यंत यायची आणि बोटाने दाराची जागा दाखवायची. “इथे. कपाटाच्या अलीकडे. आणि कडी माझ्या बाजूने हं.”

“दोन्ही बाजूंनी.”

“दोन्ही बाजूंनी कडी असेल तर दार कशाला, भिंत काय वाईट?”

मग कडी नकोच असं ठरलं. पडदा लावायचा. पडद्याचं कापडही गिरिजाने आणलं, मोरपिशी, बारीक बुंदक्यांचं. त्याला दुमड घालून, शिवून, घडी करून ठेवलं.

गणपती झाले. तीन चौकटी भरल्या. गुणवंतभाईंनी ना-हरकत पत्रावर सही करताना नुसतं विचारलं, “बेन, इतना कागद? एक दरवाजा के लिए?” आणि मग तिचा चेहरा बघून मराठीत म्हणाले, “करा, करा. चांगलं आहे.”

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात संपदाने निरोप पाठवला, नकाशा सापडला. गिरिजा गेली. टेबलावर निळसर, कडा कुरतडलेला कागद पसरलेला होता, चारी कोपऱ्यांवर चार फायली ठेवलेल्या. संपदाने पेन्सिलीचं टोक ठेवलं.

“हा तिसरा मजला. हा ए जिना. हा बी जिना. आणि हा तुमचा मधला ब्लॉक.”

गिरिजाने चष्मा पुसला. खिडकी ओळखू आली. दुसरी खिडकी ओळखू आली, ज्यातून हात यायचा. मोऱ्या मात्र दोन नव्हत्या, एकच होती. दोन खिडक्यांच्या मध्ये जिथे रेघ असायला हवी होती तिथे कोरा कागद होता.

“मधली भिंत कुठे आहे?”

“तेच मी तुम्हाला विचारणार होते, काकू,” संपदा हळू म्हणाली.

मग तिने समजावून सांगितलं. मंजुरी दोन खोल्यांच्या एका ब्लॉकची होती. बिल्डरने मध्ये भिंत घातली, एक मोरी वाढवली, दुसऱ्या जिन्यावर एक दार फोडलं आणि एका ब्लॉकचे दोन करून विकले. सगळ्या मजल्यांवर तसंच केलं असणार. बिल्डर आता कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं.

“मग दाराचं?”

“जी भिंत कागदावरच नाही तिच्यात दार कसं मंजूर करू? आधी भिंतीचं काहीतरी व्हायला हवं. एक तर ती काढायची, नाहीतर दोन ब्लॉक वेगळे करून मागायचे. तुम्हा दोघींना, खालच्यांना, वरच्यांना, सगळ्यांना. मग दाराचा अर्ज.” ती थांबली. “वेळ लागेल.”

“दिवाळीपर्यंत?”

संपदाने नकारार्थी मान हलवली.

“मी अर्ज मागे घेतला तर?”

“काकू, आता मी बघितलंय. बघितलं नाही असं मला करता येणार नाही.” तिने केसांतली पेन्सिल काढली, पुन्हा खोचली. “तुम्हाला करता आलं असतं का?”

गिरिजाला करता आलं नसतं. तिने नकाशाची प्रमाणित प्रत मागितली आणि घेऊन घरी आली.

वासंतीताईने तो कागद मांडीवर पसरून बराच वेळ बघितला. मग ती हसायला लागली, हसता हसता मांडी धरून कण्हली, आणि पुन्हा हसली. “म्हणजे अकरा वर्षं आपण एकाच घरात राहतोय. गिरिजे, आणि उगाच जिने चढतोय.”

गिरिजालाही हसू आलं. पण ते लवकर संपलं. कोऱ्या जागेवर वासंतीताईचं बोट फिरत राहिलं, आणि नंतर तेही थांबलं.

ही बातमी इमारतीत दोन दिवसांत पोचली. गुणवंतभाईंचा ब्लॉकही मधलाच, दुसऱ्या मजल्यावरचा. त्यांनी गिरिजाला गेटवर थांबवलं. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं.

“बेन, मी सही केली तुमच्या कागदावर. शेजारी म्हणून केली. आता मधल्या सगळ्यांना नोटीस येणार. माझी बायको रडते, घर जाणार म्हणते.”

“घर नाही जाणार, गुणवंतभाई. नियमात करून देतात.”

“ग्यारा साल हुआ, कोई पूछने नहीं आया. तुम्ही जाऊन सांगितलं.”

सगळ्यात गंमत पहिल्या मजल्यावरच्या भावांची झाली. ज्यांनी कोणाला न विचारता भिंत पाडली होती, त्यांचंच काय ते घर नकाशाच्या सगळ्यात जवळ निघालं. ते जिन्यात गिरिजाला भेटले की मनापासून नमस्कार करायचे. बाकीचे करायचे बंद झाले. नवरात्रात कुंकवाला बोलावणी आली नाहीत. ती पायऱ्या उतरायला लागली की बोलणं थांबायचं, आणि ती खाली पोचली की पुन्हा सुरू व्हायचं.

दसऱ्यानंतर एका दुपारी ती उत्तम मिस्त्रीला शोधत गेली. तो एका नव्या इमारतीच्या तळाशी सिमेंट कालवत होता.

“उत्तम, भिंत फोड.”

त्याने फावडं थांबवलं. “परवानगी मिळाली?”

“नाही. तू फोड. शनिवारी फोड, रविवारी चौकट बसव. चौकट नको, नुसतं भोक पाड. माझ्याकडे पडदा आहे.”

उत्तमने हात धुतले. तिला बसायला पालथी बादली दिली. “मावशी, जुलैमध्ये म्हटलं असतंत तर तासाभरात पाडली असती. आता तुमच्या बिल्डिंगकडे सगळ्यांचे डोळे लागलेत. गुणवंतभाईंनी मला सांगून ठेवलंय, फैसला होईपर्यंत कशाला हात लावू नको. मला याच भागात कामं करायचीत.”

“बरोबर आहे,” गिरिजा म्हणाली. तिला खरंच ते बरोबर वाटलं. बादलीवरून उठताना तिला गुडघ्यावर हात ठेवावा लागला. आयुष्यात एकदा न विचारता काही करायला निघाले, आणि आता सगळ्यांनाच विचारावं लागतंय, असं काहीसं तिच्या मनात आलं. पण ते तिने पुरतं येऊ दिलं नाही.

निकेत भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आला. त्याने एकदाही ‘मी सांगितलं होतं’ असं म्हटलं नाही. सामान थोडंच होतं. वासंतीताईला खुर्चीत बसवून दोघा माणसांनी उचलून न्यायचं ठरलं. गिरिजा तेव्हा आपल्या खोलीत चिवड्याचा डबा भरत होती, वाटेसाठी. भिंतीवर तीनदा वाजलं.

ये.

ती निघाली. ए जिना, दुकानं, बी जिना. ती पहिल्या मजल्यावर पोचली तोवर खुर्ची वरून तिथपर्यंत आली होती. माणसांनी खुर्ची टेकवली, घाम पुसला.

“मी तीनदा वाजवलं,” वासंतीताई म्हणाली.

“ऐकलं.”

“मग एवढा वेळ?”

“जिने.”

वासंतीताईने तिचा हात धरला. खिडकीतून अकरा वर्षं दिसत होता तो हात. आता त्याच्या मागे चेहराही होता, आणि गिरिजाला चेहऱ्याकडे बघवेना म्हणून ती हाताकडेच बघत राहिली. “लाइन तोडू नकोस हं,” वासंतीताई तिच्या ऑफिसातल्या आवाजात म्हणाली. खुर्ची उचलली गेली. चिवड्याचा डबा गिरिजाने निकेतच्या हातात दिला.

फोन यायचे. आधी रोज, मग रविवारी. डोंबिवलीच्या घरात फोन बैठकीत होता, भोवती माणसं असायची, वासंतीताई तिचं तिचं बोलू शकायची नाही. “जेवलीस?” “जेवले.” “गुडघे?” “आहेत.” ज्या बाईने उभा जन्म लोकांना एकमेकांशी जोडून दिलं तिला स्वतःला बोलायला आडोसा नव्हता.

जानेवारीत नोटीस आली, मधल्या ब्लॉकच्या सगळ्यांना. तीनशे तीन आणि तीनशे चार यांमधील अनधिकृत भिंत स्वतःहून काढावी, अथवा ती कायम ठेवण्यासाठी दोन्ही मालकांनी मिळून रीतसर अर्ज करावा. गिरिजाने ती उभ्या उभ्या वाचली. अडीच फुटांची परवानगी मागितली होती. आता अख्खी भिंतच काढा म्हणत होते. तिने पाठीमागे बघितलं, कोणाला तरी वाचून दाखवावी म्हणून.

बाकीच्या मजल्यांनी महिन्याच्या आत अर्ज केले. निकेतने तिसऱ्या मजल्याचा अर्ज छापून आणून दिला. “मावशी, आत्याची सही झालीय. तुमची झाली की देतो. हे नियमात झाल्याशिवाय तो ब्लॉक विकता येत नाही, आणि आम्हाला जरा मोठी जागा बघायचीय. आत्यालाही खोली मिळेल तिची तिची.”

“ठेवून जा,” ती म्हणाली. “वाचते.”

तिने तो नकाशाच्या प्रतीखाली ठेवला आणि तीन आठवडे वाचला नाही. सही केली नाही तर भिंत नियमात येत नाही. भिंत नियमात आली नाही तर ब्लॉक विकला जात नाही. ब्लॉक विकला गेला नाही तर वासंतीताईचं घर इथेच आहे, कागदावर तर गिरिजाच्याच घरात आहे. एवढा साधा हिशेब होता. मालाडच्या एका बाईला त्या ब्लॉकमध्ये रस होता, ती दोनदा येऊन गेली, गिरिजाने किल्ली सापडत नाही म्हणून सांगितलं. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे ते तिला दिवसभर आठवत राहिलं.

किल्ली होतीच. फेब्रुवारीतल्या एका सकाळी ती घेऊन ती बी जिना चढली. खोलीत बंद हवेचा वास होता. पलंग नेला होता, त्याच्या चार पायांचे डाग फरशीवर होते. कट्ट्यावर लाटणं राहिलं होतं. गिरिजाने ते उचललं आणि भिंतीशी गेली. अकरा वर्षांत तिने या बाजूने कधी वाजवलं नव्हतं. वासंतीताईच्या बाजूने. तिने दोनदा वाजवलं. भिंत खरंच पोकळ वाजली. पलीकडे तिची खोली होती, ओट्यावर झाकलेला भात होता, खुंटीवर तिची साडी होती, आणि ऐकायला कोणी नव्हतं. एवढे दिवस आपण या बाजूला कोणी नाही म्हणून दुःख करत होतो, असं तिला वाटलं. त्या बाजूलाही कोणी नव्हतं.

त्या रविवारी फोन वेळेआधी आला. बैठकीत बहुतेक कोणी नसावं, आवाज मोकळा होता.

“गिरिजे, सही कर.”

“बघते.”

“बघत काय बसलीस? निकेतने मला काही सांगितलं नाही. पण मला कळतं ना, कुठली फाइल कुठे अडली आहे ते.”

“तू परत आलीस तर?”

वासंतीताई म्हणाली, “मी आता मोरीपर्यंतसुद्धा धरून जाते गं. तीन मजले मला कोण चढवणार? इथे निकेतची मुलगी माझ्याजवळ झोपते. मी कूस बदलली की ती उठून बसते, आजी काय झालं म्हणते.” ती हसली. “आधी वैताग यायचा. आता येत नाही.”

“बरं.”

“रागावलीस?”

“नाही.”

“तू भिंत विचारून फोडायला गेलीस ना, त्याचा मला कधी राग आला नाही हे तुला सांगायचं राहिलं होतं. तू न विचारता फोडली असतीस तर मला वाटलं असतं, ही कोण बाई?”

गिरिजाने फोन दोन्ही हातांनी धरला होता. ‘होल्ड कर,’ असं म्हणावंसं तिला वाटलं. तोवर पलीकडे बेल वाजली, कोणीतरी आत आलं, आणि वासंतीताईचा आवाज बैठकीतला झाला. “जेवलीस?” तिने विचारलं.

“जेवते आता,” गिरिजा म्हणाली.

जेवण झाल्यावर तिने टेबल पुसलं आणि निकेतने दिलेला छापील अर्ज बाहेर काढला. त्यात विषय नीट लिहिलेला नव्हता, दोन ठिकाणी ‘सदर’ चुकीच्या जागी होतं. असा कागद तिच्या सहीने जाणं शक्य नव्हतं. तिने कोरा कागद घेतला, वर उजवीकडे तारीख घातली आणि नवा मसुदा लिहायला बसली. विषय : ‘सदनिका क्र. ३०३ व ३०४ यांमधील भिंत कायम ठेवण्यास परवानगी मिळणेबाबत.’ संदर्भ, नोटिशीचा क्रमांक, दिनांक. भिंतीची लांबी, उंची, जाडी चार इंच. भिंतीवर इमारतीचा भार नाही, इंजिनियरचं पत्र सोबत जोडलं आहे. ते दारासाठी आणलं होतं, आता उपयोगी पडलं. भिंतीस कोणतेही दार, खिडकी अथवा अन्य उघडी जागा नाही.

इथे तिने पेन थांबवलं. मग पुढे लिहिलं : भिंतीच्या पलीकडे सध्या कोणी राहत नाही.

तिने मसुदा पहिल्यापासून वाचला. सगळं बरोबर होतं. शेवटच्या वाक्याचा विषयाशी संबंध नव्हता. असल्या वाक्याला कोणी आवक क्रमांक देत नाही. तिने त्यावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली, आणि स्वच्छ प्रत करण्यासाठी दुसरा कागद घेतला.